हिरव्या काठाची ताटली

झाकण उचललं तेव्हा तिच्या डोक्यात जंतू नव्हतेच, गिझर होता. घरातून निघताना तो बंद केला की नाही हे काही केल्या आठवत नव्हतं, आणि त्याच तंद्रीत तिने जंतू वाढवायची ती तळहाताएवढी प्लेट उजेडाकडे धरली, झाकण बोटभर सरकवलं आणि नाक खाली नेलं. वर्षानुवर्षं ती हे असंच करत आली होती. प्रयोगशाळेच्या भिंतीवर पाटी होती, प्लेटचा वास घेऊ नये अशी, आणि ती तिनेच लावून घेतली होती, कारण तपासणीला येणाऱ्यांना भिंतीवर पाटी दिसली की बरं वाटतं. पाटी नव्या लोकांसाठी होती. तिच्यासाठी नाक होतं. एका जंतूला द्राक्षाच्या सरबताचा वास येतो, एकाला जळक्या चॉकलेटचा, एकाला बंद कपाटातल्या उंदरांचा. यंत्र नाव छापून देईपर्यंत ती ते नाव सांगून मोकळी झालेली असे. पाठीमागे तिला सगळे ‘नाक’ म्हणतात हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. लहानपणी घरी तिला नकटी म्हणायचे. त्याची ही परस्पर भरपाई झाली असं ती मानत असे.

या प्लेटला मातीचा वास आला. बरेच दिवस न हललेली कुंडी उचलली की तिच्या बुडाशी जो कोंदट ओला वास असतो, तो. आणि त्या वासाबरोबर जंतूचं नाव सुचायच्या ऐवजी लहानपणच्या घराची मागची खोली आली. मागच्या खोलीतली खाट, खाटेखालचे बाबांचे गमबूट, त्यांच्या टाचांना वाळून चिकटलेली चरातली माती. ती इतक्या वेगाने आली की क्षणभर आपण कुठे उभ्या आहोत हे तिला कळेना. शेजारच्या टेबलावरून ‘कुलूप’ म्हणाला, “मॅडम.” कुलूप म्हणजे तिचा जुना तंत्रज्ञ, दिवसभरात तो जेमतेम चार वाक्यं बोलत असे, म्हणून हे नाव. त्याने एवढंच म्हटलं आणि हात लांब करून प्लेटकडे दाखवलं. तेव्हा तिने पहिल्यांदा प्लेटकडे डोळ्यांनी पाहिलं. लाल थरावर कोरड्या, सुरकुतलेल्या चकत्या उगवल्या होत्या, जुन्या भिंतीचा रंग सुकून आक्रसतो तशा. अशा सुरकुत्या तिने पुस्तकात पाहिल्या होत्या आणि एकदा एका परिषदेत पडद्यावर. तिने झाकण लावलं, प्लेट हवा आत ओढून घेणाऱ्या काचेच्या पेटीत ठेवली, दार लावून घेतलं आणि हातमोजे काढताना तिच्या लक्षात आलं की आपण श्वास धरून ठेवला आहे. आता धरून काय उपयोग, असं तिने स्वतःला म्हटलं. हसूही आलं.

नमुना होता एका मैदानवाल्याचा. कुठल्याशा मोठ्या शाळेचं मैदान राखणारा माणूस, पन्नाशीचा, मधुमेही. रोलर फिरवणं, गवत कापणं, पाणी साचलं की अनवाणी उतरून चर मोकळे करणं, हे त्याचं काम. कित्येक महिने ताप, खोकला, वजन उतरलेलं, छातीच्या फोटोत डाग. छातीच्या डॉक्टरांनी क्षय ठरवला, आणि त्यात त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही, कारण अशा लक्षणांचे शंभर रोगी बघितले तर बहुतेकांना क्षयच असतो. थुंकीत क्षयाचा जंतू कधी सापडला नाही. तो बऱ्याचदा सापडतच नाही. गोळ्या सुरू होत्या, माणूस वाळत चालला होता, आणि परवा सोनोग्राफीत प्लीहेत पू दिसला म्हणून सुईने काढून तो वर पाठवला होता. तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. लालसर काड्या, दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिक्या, सेफ्टीपिना सांडल्यासारख्या. मग औषधांच्या चकत्या ठेवलेली प्लेट पाहिली. काही चकत्यांभोवती स्वच्छ रिकामं रिंगण होतं, पण दोन औषधांच्या अगदी कडेपर्यंत जंतू बिनधास्त चालत गेला होता, त्यांना काडीची किंमत न देता. यंत्राने मात्र भलत्याच एका निरुपद्रवी भावंडाचं नाव छापून दिलं. वर खात्रीचा आकडाही दिला, चांगला मोठा. छातीचे डॉक्टर फोनवर म्हणाले की बाहेरून काही पडलं असेल प्लेटवर, माती-बिती. ती म्हणाली, माती पडलेली नाही, मातीतलाच आहे तो. मेलिऑइडोसिस आहे हा. मग ते हसून म्हणाले की यंत्र एक सांगतं आणि तुमचं नाक दुसरं. एरवी तीही हसली असती. या वेळी तिने जिने उतरून त्यांच्या खोलीत जाऊन सेफ्टीपिना, चकत्या, सुरकुत्या अशा सगळ्यांचे फोटो टेबलावर मांडले, आणि वासाचं नावही काढलं नाही. नमुना मोठ्या संस्थेत खात्रीसाठी पाठवायचा, पण उत्तर येईपर्यंत थांबायचं नाही. आजच सलाईनमधून औषध सुरू करायचं, दिवसरात्र, काही आठवडे, आणि मग कित्येक महिने गोळ्या. नाहीतर हा जंतू दडून बसतो आणि पुन्हा उठतो. डॉक्टरांनी फोटो पुन्हा एकदा जवळ ओढून बघितले. माणूस अहंकारी होता, पण रोगी हातचा जातोय हे त्यांनाही दिसत होतं. त्यांनी औषध लिहिलं.

आणि ताप उतरेना. पुस्तकात लिहिलंय की उतरायला वेळ लागतो, आठवडा लागतो, कधी त्याहून जास्त, आणि पुस्तक तिच्या टेबलावर उघडंच असे, पण पुस्तक वाचणं निराळं आणि रोज सकाळी वॉर्डात फोन करून तोच आकडा ऐकणं निराळं. डॉक्टरांनी दोनदा विचारलं की औषध बदलूया का. दोन्ही वेळा ती नको म्हणाली, आणि फोन ठेवून तिने पुस्तकातलं तेच पान पुन्हा वाचलं. ती वॉर्डात जात नसे. प्रयोगशाळेतल्या लोकांना रोगी बघायची सवय नसते, त्यांच्याकडे रोग्याचा चमचाभर अंश येतो आणि तेवढ्याशीच त्यांचं नातं असतं. पण आता ती जिन्यात रेंगाळू लागली, वॉर्डाच्या मजल्यावर काही काम नसताना लिफ्ट थांबवू लागली. तिलाही गोळ्या सुरू झाल्या होत्या, मैदानवाल्याला पुढे घ्याव्या लागणार त्याच, पांढऱ्या, मोठ्या, घशात अडकणाऱ्या. वास घेतला होता, त्यात तिलाही साखरेचा आजार होता, म्हणजे जंतूला आवडणारं घर तयारच होतं. तीन आठवडे गोळ्या, सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा, मधून मधून रक्त द्यायचं. रक्त कुलूपच काढायचा, एक अक्षर न बोलता, आणि कापसाचा बोळा दाबून धरताना जरा जास्तच वेळ धरायचा. दाराबाहेरच्या रस्त्यावर माणसं ये-जा करत, दुकानांची शटरं वर जात, कोणी फळं निवडत उभं असे, आणि तिला वाटे की ह्या सगळ्यांचं शरीर त्यांच्या ताब्यात आहे, आपलंच तेवढं कोणीतरी बाहेरून कडी लावून ठेवलंय. घसा जरा खवखवला की सुरुवात झाली असेल. पाठीत उसण भरली की तिथे पू झाला असेल. तापमापक काखेत धरून ती बाथरूममध्ये टबाच्या काठावर बसून राही. आकडा नेहमीसारखाच असे, आणि त्याने काही समाधान होत नसे.

नवऱ्याला तिने अर्धंच सांगितलं होतं. कामावर जरा संसर्गाचा संबंध आला, खबरदारी म्हणून गोळ्या. तो भूगोल शिकवायचा, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीला नकाशावर जागा सापडली की निश्चिंत व्हायचा. हा जंतू राहतो कुठे, असं त्याने विचारलं. गरम देशांत, मातीत, साचलेल्या पाण्यात, असं ती म्हणाली. तो मान हलवून वर्गातल्या वह्यांकडे वळला. दोन-चार दिवसांनी सकाळी चहा ओतताना त्याने तिच्याकडे न बघता विचारलं की तुझा कप हल्ली खिडकीत का असतो. तेव्हा तिने बघितलं. तिचा कप खरंच खिडकीच्या कठड्यावर होता, एकटा, उपडा. शेजारी तिचा चमचा. तिची ताटली भांड्यांच्या जाळीत नव्हती, ओट्याच्या टोकाला भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तिने हे कधी केलं हे तिला सांगता आलं नसतं. हा रोग माणसाकडून माणसाला जवळजवळ कधीच होत नाही. एका ताटात जेवून तर नाहीच. हे तिच्याइतकं चांगलं त्या गावात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. डोक्याला माहीत होतं आणि हात मात्र दुसऱ्याच कोणाचं तरी ऐकत होते. कोणाचं, हेही तिला त्याच क्षणी कळलं, आणि चहा तसाच टाकून ती कामावर निघून गेली.

हात आईचं ऐकत होते. बाबा पाणीपुरवठ्याच्या खात्यात नळ टाकायचं काम करायचे. रस्ता खणलेला, कमरेइतका चर, त्यात गढूळ पाणी, आणि त्या पाण्यात उभे राहून दोन पाइपांची तोंडं जुळवणारे बाबा. शाळेतून येताना वाटेत दिसले तर ते चिखलाच्या हाताने सलाम ठोकायचे. त्यांना साखर होती. मग खोकला आला, संध्याकाळचा ताप आला, पँट दोरीने बांधावी लागू लागली, आणि डॉक्टरांनी क्षय सांगितला. आईने एका दुपारीत घराचे दोन भाग केले. मागच्या खोलीच्या दाराशी काळ्या फरशीची एक ओळ होती. मुलांनी त्या ओळीच्या अलीकडे थांबायचं. बाबांना हिरव्या काठाची तामचिनीची ताटली, त्यांचा पेला, त्यांचा चमचा, त्यांचा टॉवेल, सगळं वेगळं. आई त्या बाबतीत दगड होती. धाकट्या भावाने एकदा चेंडू आणायला म्हणून फरशी ओलांडली तर त्याच्या पाठीत असा धपाटा बसला की तो रडायचंही विसरला. बाबा खाटेवरून म्हणाले, “मारू नको ग त्याला,” आणि उशीकडे तोंड करून खोकले. पण बाबा नळवाले होते. मागच्या खोलीतून स्वयंपाकघरात भिंतीला धरून एक पाइप यायचा, आणि ते चमच्याने त्यावर ठोकायचे. ती ओट्याखाली बसून पाइपाला कान लावायची आणि वाटीने उत्तर द्यायची. तीन ठोके म्हणजे जेवलीस का. एक लांबलचक खरखर म्हणजे कंटाळा आला. दोन ठोके, थांबून दोन, म्हणजे काय ते दोघांनी कधी ठरवलं नव्हतं, पण तिला ते कळत असे. ते आजारी असल्याच्या त्या सगळ्या काळात तिने त्यांना एकदाही हात लावला नाही. गोळ्या त्यांनी इमानेइतबारे घेतल्या, एकही चुकवली नाही, आणि त्या काही उपयोगी पडल्या नाहीत. शेवटी शेवटी मांडीला मागून एक गळू झालं होतं, ते भरून येईना. आई ते उघड्या हातांनी धुवायची. ते गळू ती साफ विसरली होती. सोनोग्राफीत पू दिसला हे वाचल्यावर ते आठवलं, आणि आठवल्यापासून ते जागचं हलत नव्हतं.

हे सिद्ध करता येणार नव्हतं. बाबांचं काहीही कुठे शिल्लक नव्हतं, ना थुंकी, ना फोटो, ना तो डॉक्टर. दुसऱ्या कोणी तिला हे सांगितलं असतं तर तिनेच त्याला झटकून टाकलं असतं, की साखर असलेल्या माणसाला क्षयही होतो, क्षयातही गळवं होतात, मातीत काम करणारे सगळेच काही यानेच जात नाहीत. ती स्वतःशी असा वाद घालत जिने चढायची आणि वर पोचेपर्यंत हरलेली असायची. कारण वाद जंतूचा नव्हताच. हे जर ते असेल, तर फरशी कशासाठी होती? ती ओलांडली असती तरी काही झालं नसतं. ती त्यांच्या खाटेवर जाऊन बसली असती, त्यांच्या हाताखाली डोकं ठेवून अभ्यास केला असता, तरी काही झालं नसतं. ते फरशीपलीकडे एकटे गेले, आणि आई आजही कोणी विचारलं की म्हणते, ह्यांना वाचवता आलं नाही, पण माझी दोन पोरं मी वाचवली. आईच्या सगळ्या आयुष्यात अभिमानाने सांगावं असं ते एकच होतं. आणि ती दर रविवारी आईकडे जेवायला जात असे. या रविवारी आपण काही बोलायचं नाही, असं तिने ठरवलं. आणि ठरवावं लागतंय याचाच अर्थ बोलणं जिभेवर येऊन बसलंय हेही तिला कळत होतं.

आठवड्याच्या मध्याला ताप उतरला. मोठ्या संस्थेचं उत्तर त्याच दिवशी आलं, तिने म्हटलं होतं तेच नाव, आणि छातीचे डॉक्टर स्वतः वर आले. कौतुक त्यांना नीट करता येत नव्हतं. त्यांनी पाटीकडे बघितलं, मग तिच्या नाकाकडे, आणि आता तरी कानाला खडा लावा असं म्हणून गेले. ती त्या दिवशी पहिल्यांदा वॉर्डात गेली. मैदानवाला उशाला टेकून बसला होता, खोल गेलेल्या गालांचा, आणि खिडकीतून खालच्या हिरवळीकडे नाराजीने बघत होता. कोणी कापलंय हे, असं त्याने तिला विचारलं, एका बाजूने उंच आणि एका बाजूने बोडकं. दाराशी स्टुलावर डबा होता, आणि डब्याशेजारी त्याची बायको उभी होती. नाकावर रुमाल. तिने बायकोला सांगितलं की रुमालाची गरज नाही, हा रोग असा पसरत नाही, तुम्ही जवळ जाऊन बसा, त्यांना भरवा, काही होणार नाही. अगदी सोपं करून दोनदा सांगितलं. बायकोने रुमाल काढला, घडी करून मुठीत धरला, आणि तिथेच उभी राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “इतके महिने लांबूनच केलं सगळं, मॅडम. आता जवळ जायची लाज वाटते.” उगाच डब्याचं झाकण नीट बसलंय का ते दाबून बघून ती जिन्याने वर आली. वर येऊन ती बराच वेळ काचेच्या पेटीसमोर बसून राहिली. पंख्याचा आवाज ऐकत, हात मांडीवर ठेवून. एका माणसाचा जीव वाचला होता, तो तिने वाचवला होता, आणि तिला आनंद झाला नव्हता. हे बरोबर नाही, असं तिला फार वाटलं.

आईचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती. आता तिथे मागची खोली नव्हती, काळी फरशी नव्हती. दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरीत कुंड्या. ती आत आली तेव्हा आई एक कुंडी उचलून जागा बदलत होती, आणि तो वास पुन्हा आला, यावेळी खऱ्या कुंडीचा. कुंडीखाली तामचिनीची ताटली होती. टवके उडालेली, गंजाने काळी पडलेली, काठाची हिरवी रेघ मात्र अजून दिसत होती. ही ताटली तिने कित्येक वर्षं तिथे पाहिली होती आणि खरं तर पाहिलीच नव्हती. आईला ती टाकवली नसेल आणि तिच्यात कोणाला वाढवलंही नसेल, म्हणून ती कुंडीखाली गेली असेल. आई हात धुऊन आत आली, दोघींना भात आणि भाजी वाढली, आणि मुलीकडे बघून म्हणाली की नकटे, तुझं तोंड का उतरलंय. तिने कामावर वास घेतल्याचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. या गोळ्यांनी अन्न नको होतं एवढंच. इथे थांबायचं ठरलेलं होतं. आईने विचारलं, कसला म्हणे जंतू. आणि ती सांगू लागली. मातीत असतो. चिखलात, साचलेल्या पाण्यात उभं राहून काम करणाऱ्यांना होतो, साखर असली तर जास्त. ताप येतो, खोकला येतो, माणूस वाळतो, गळवं होतात. डॉक्टरांना वाटतं क्षयच आहे. ती बोलत होती आणि आपलाच आवाज तिला शेजारच्या घरातून येत असल्यासारखा ऐकू येत होता. आईचा घास हातात थांबला होता. म्हाताऱ्या माणसांचे डोळे पाणावलेलेच असतात, त्यामुळे त्यांतून काही वाचता येत नव्हतं.

“एकाचा दुसऱ्याला होतो तो?” आईने विचारलं.

इथे खोटं बोलता आलं असतं. हो म्हटलं असतं तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं, फरशीसुद्धा. तिने दुसऱ्या कोणासाठी कदाचित म्हटलंही असतं. पण आई तिच्याकडे अशी बघत होती की तिला प्रयोगशाळेत, यंत्रासमोर, कोणाच्या तरी जिवाचा प्रश्न असताना उभं राहिल्यासारखं वाटलं.

“नाही,” ती म्हणाली. “तसा नाही होत.”

आईने हातातला घास ताटलीत परत ठेवला. बाहेर कोणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. मग आई बोलू लागली, सावकाश, वाटाणे सोलत बोलावं तशी. तुम्ही शाळेत गेलात की मी मागच्या खोलीत जायचे, ती म्हणाली. त्यांना भरवायचे, आणि त्यांचं झालं की त्याच ताटलीत स्वतः वाढून घ्यायचे. तशीच, न धुता. रोज. मुलीने थक्क होऊन ‘का?’ असं विचारलं, तर आई जवळजवळ रागावली. का म्हणजे काय, माणूस एकटा जेवतो कसा? फरशी तुम्हा पोरांसाठी होती, मी कुठे फरशीच्या अलीकडची होते? आणि तुम्ही तो नळ वाजवायचात तेही मला ऐकू यायचं, बहिरी नव्हते मी. मग राग ओसरला आणि आईचा चेहरा एकदम लहान झाला.

“मला काही झालं नाही,” ती म्हणाली. “खोकलासुद्धा नाही. मी रोज वाट बघायचे, की आता मला होईल. नाही झालं. तेव्हाच मला कळायला हवं होतं ना, की हे ते नव्हे? मी रोज बघत होते आणि तरी तुम्हाला जाऊ दिलं नाही त्यांच्याजवळ.”

म्हणजे आई हे इतकी वर्षं एकटीच घेऊन बसली होती. तिने आईला सांगू नये म्हणून जे काही जिभेखाली दाबून ठेवलं होतं, ते आईकडे तिच्याही आधीपासून होतं. दोन पोरं वाचवली, हे आई जगाला सांगत नव्हती. स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत होती. तिला आईच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आईने प्रश्न विचारला आहे, आणि त्याला उत्तर आहे. दिलासा म्हणून बनवलेलं नाही, खरं उत्तर.

“त्यावरून काही कळत नाही, आई,” ती म्हणाली. “क्षय झालेल्या माणसाशेजारी जन्म काढतात लोक, आणि पुष्कळांना काही होत नाही. मी रोज बघते हे. तुला झालं नाही म्हणून त्यांना क्षय नव्हता, असं नाही म्हणता येत.”

“म्हणजे ते क्षयही असू शकेल?”

“असू शकेल.”

“आणि हेही?”

“हेही.”

“तुला शोधून नाही काढता येणार?”

“नाही. आता कोणालाच नाही येणार.” तिने आयुष्यभर हे वाक्य पराभव म्हणून उच्चारलं होतं. आज ते तोंडातून निघालं आणि आई ते ऐकून खांदे सैल सोडून मागे टेकली.

मग दोघींनी जेवायला सुरुवात केली, म्हणजे आईने केली. तिला घास जाईना. गोळ्यांनी तोंडाला धातूची चव आली होती, भात निवून गेला होता, आणि तिने नकळत आपली ताटली टेबलाच्या टोकाकडे, आईपासून लांब सरकवली होती. आईने ते पाहिलं. तिने हात लांब केला, ताटली आपल्या पुढ्यात ओढली, आणि मुलीने अर्धवट टाकलेला भात भाजीबरोबर कालवला. नको, असं तिच्या ओठांवर आलं होतं. काहीही कारण नव्हतं त्याला, हे दोघींनाही माहीत होतं, आणि तिने ते गिळून टाकलं. आई खाली मान घालून तिच्या ताटलीतून जेवू लागली, सवयीच्या माणसासारखी, काठाला लागलेली शितंसुद्धा बोटाने पुसून घेत. ती समोर बसून बघत राहिली. मुलं शाळेत गेल्यावर, दुपारी, बाबांना खाटेवरून हेच दिसत असेल.